बारा चेहऱ्यांचें चित्र

अमेरिकेंत न्यायालयें व वकिलांच्या संस्था विद्यार्थ्यांसाठीं चित्रस्पर्धा भरवितात, आणि ज्यूरीकडून न्याय मिळण्याचा हक्क हाहि त्यांतला एक विषय असतो. पुष्कळांस हा विषय चित्रापेक्षां निबंधाला अधिक योग्य वाटेल. मला उलट वाटतें. या हक्काचा गाभा चित्रांतच अधिक स्पष्ट दाखवितां येतो. मात्र त्यासाठीं चित्रकारानें हाताशीं सहज येणारीं प्रतीकें आधीं दूर ठेविलीं पाहिजेत.

विषय ऐकतांच तराजू सुचतो. मागोमाग डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता, न्यायाधीशाचा हातोडा आणि फडकणारें निशाण. यांपैकीं एकहि वस्तु ज्यूरीची नव्हे. हातोडा तर ज्याच्या सत्तेला मर्यादा घालावयाची त्याचाच. ज्यूररानें डोळे बांधून मुळींच चालावयाचें नाहीं. साक्षीदार कोठें अडखळला, कोणाकडे पाहून बोलला, हें पाहण्याकरितांच त्याला तेथें बसविलेलें असतें. १७९१ सालीं अमेरिकन राज्यघटनेंत ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतील सहावीनें फौजदारी खटल्यांत व सातवीनें दिवाणी दाव्यांत हा हक्क नागरिकांस दिला. त्याचें मर्म असें कीं, सरकारनें एखाद्यावर आरोप ठेविला असतां तो खरा कीं खोटा, हें सरकारच्या पगारी अधिकाऱ्यानें न ठरवितां सामान्य नागरिकांनीं ठरवावें. आतां या सामान्य नागरिकाला प्रतीक कोठून आणावें? त्याला असतो तो केवळ चेहरा.

जॉन मॉर्गन या इंग्रज चित्रकारानें हें ओळखलें होतें. १८६१ सालचें त्याचें 'द ज्यूरी' हें चित्र एल्सबरीच्या संग्रहालयांत आहे. त्यांत बाकांवर खेटून बसलेले बारा पुरुष तेवढे आहेत आणि प्रत्येकाची मुद्रा वेगळी आहे. खटला कसला तें आपणांस कळत नाहीं, तरीहि त्या बारा तोंडांवर आपण तो शोधूं लागतों. परंतु मॉर्गनचे लोक अद्याप ऐकतच आहेत. ऐकणें चित्रांत आलें. ठरविणें आलें नाहीं.

तें आलें नॉर्मन रॉकवेलच्या चित्रांत. 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकाच्या १४ फेब्रुवारी १९५९ च्या मुखपृष्ठावर त्यानें ज्यूरीची खोली दाखविली. हवेंत धूर, जमिनीवर कागदांचे बोळे. अकरा पुरुष आणि त्यांच्यांत एकच स्त्री. ते तिला वळवूं पाहत आहेत आणि ती हाताची घडी घालून बसली आहे. त्या वर्षीं अमेरिकेच्या कांहीं दक्षिणी राज्यांत स्त्रियांना ज्यूरींत बसण्याची मनाईच होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या घडीचें वजन कळतें. बाई बरोबर आहे कीं चूक, हें चित्रकार सांगत नाहीं. तिला पटल्यावांचून निकाल होणार नाहीं एवढेंच तो सांगतो, आणि हक्काचें सारें रहस्य त्यांत आहे.

हा हट्ट किती महाग पडूं शकतो, याचा दाखला १६७० सालीं लंडनमध्यें घडला. पुढें पेनसिल्व्हेनिया वसविणारा विल्यम पेन तेव्हां रस्त्यांत धर्मप्रवचन केल्याबद्दल आरोपी होता. ज्यूरी त्याला दोषी म्हणेना, म्हणून तिला अन्नपाण्यावांचून कोंडण्यांत आलें, दंड झाला, आणि तो न भरणारा एडवर्ड बुशेल तुरुंगांत गेला. निकालाबद्दल ज्यूररास शिक्षा करतां येत नाहीं, हें तत्त्व त्याच्याच अर्जावर ठरलें. विद्यार्थ्याला याहून अधिक चित्रमय प्रसंग कोणता हवा?

परंतु केवळ गौरवाचें चित्र हें अर्धें चित्र होय. १९५५ सालीं मिसिसिपींत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला चालला. बाराहि ज्यूरर गोरे पुरुष होते. तासाभराच्या चर्चेनंतर त्यांनीं आरोपींना निर्दोष ठरविलें आणि पुढें त्या आरोपींनींच एका मासिकांत खुनाची कबुली दिली. चेहरे येथेंहि बाराच होते. म्हणून बाकावर कोण बसला आहे याबरोबर कोणाला बसूं दिलें नाहीं, हेंहि ज्या चित्रांत जाणवेल, त्याला मी परीक्षक असतों तर अधिक गुण दिले असते.

हा प्रश्न आपणांस परका नाहीं. १९०८ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हां नऊ ज्यूररांत सात युरोपियन व दोन पारशी होते. सातांनीं दोषी म्हटलें, दोघांनीं निर्दोष. तेथें बहुमत पुरेसें होतें आणि टिळक सहा वर्षांसाठीं मंडालेस गेले. एकमताचा नियम असता तर ते दोघे त्या शिक्षेच्या आड उभे राहिले असते. पुढें १९७३ च्या फौजदारी संहितेंत ज्यूरीला जागाच उरली नाहीं. टिळकांचीं चित्रें आपल्याकडे घरोघर लागलीं. त्या दोघां पारशी गृहस्थांची मुद्रा मात्र आपल्या डोळ्यांपुढें येत नाहीं. एखाद्या मराठी विद्यार्थ्यानें तें चित्र अवश्य काढावें. त्यांत तराजूची गरज पडणार नाहीं.