औषध किती वेळ चिकटून राहतं? टाऊ-रॅम्ड पद्धत वाचताना

औषध प्रोटीनला किती घट्ट बसतं, हे आपण एमएस्सीत शिकतो. ते किती वेळ बसून राहतं, याकडे २००६ मधल्या कोपलँड, पॉम्प्लियानो आणि मीक यांच्या लेखानंतर जास्त लक्ष गेलं. टायोट्रोपियम हे श्वासनलिका रुंदावणारं औषध रिसेप्टरवरून इतकं सावकाश सुटतं की दिवसातून एकदा घेतलं तरी पुरतं.

पण हा वेळ संगणकावर सरळ मोजायचा म्हटलं, तर सिम्युलेशनचं एक पाऊल साधारण २ फेमटोसेकंदांचं. एका तासासाठी किती पावलं लागतील, गुणाकार करून बघा!

कोख, वेड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलेली टाऊ-रॅम्ड ही त्यावरची युक्ती. रेणूला कुठल्यातरी दिशेने जादा बल द्यायचं. तो पुरेसा सरकला नाही तर दिशा बदलायची. मग सुटका काही नॅनोसेकंदांत होते. हा वेळ खरा नसतोच. पण इथे ज्याला उशीर लागतो त्याला प्रयोगातही लागावा, असा हिशोब.

एचएसपी९० प्रोटीनच्या ७० रेणूंवर तो तपासला गेला. ७८ टक्के रेणूंसाठी अचूकता सरासरी २.३ पटींच्या आसपास, एकाच सांगाड्याच्या रेणूंत २ पटींहून चांगली. म्हणजे ६० मिनिटांच्या जागी साधारण २६ किंवा १३८. इतक्या स्वस्त पद्धतीसाठी हे खरंच चांगलं आहे.

माझा आक्षेप उरलेल्या २२ टक्क्यांबद्दल आहे. ७० पैकी हे जवळपास १५ रेणू. नवा रेणू त्यांच्यातला आहे की नाही, हे प्रयोगाआधी कसं ओळखायचं? शिवाय सुटकेआधी प्रोटीनलाच सावकाश आकार बदलावा लागत असेल, तर नॅनोसेकंदांत त्याला तेवढी सवडच मिळत नाही. आणि पद्धत सगळीकडे उपयोगी पडेल ही लेखातली आशा त्या वेळी एकाच प्रोटीनवर उभी होती. नंतर ती इतर प्रोटीनांवरही वापरली गेली, पण प्रत्येक नव्या प्रोटीनला ती परीक्षा पुन्हा द्यावीच लागते.

म्हणून एकाच सांगाड्याच्या वीस रेणूंपैकी आधी कोणते बनवायचे, हे ठरवायला ती जरूर वापरा. त्यावरून तास-मिनिटं सांगू नका. तुमच्या आकड्यावर विसंबून शेजारच्या लॅबमधलं कुणीतरी रेणू बनवण्यात महिने घालवणार असतं. तेव्हा अंदाज आधी लिहून ठेवा, प्रयोगाचे आकडे मग उघडा.