देहबोलीचे कोश आणि आपली माणसे

पेणच्या गणपतीचा उजवा तळवा समोर वळलेला असतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘भिऊ नकोस’ असा होतो. त्याच पेणहून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर पोलीस तसाच तळवा दाखवतो, तेव्हा अर्थ होतो ‘थांब’. भरताच्या नाट्यशास्त्रातही ‘पताक’ हा एकच हस्त अनेक प्रसंगी वापरायला सांगितला आहे. अर्थ हातात नसतो. कोण, कोणाला, कुठे हात दाखवतो यात असतो.

देहबोलीवरची आपल्याकडची बहुतेक मार्गदर्शक पुस्तके नेमके हेच विसरतात. त्यांची मांडणी कोशासारखी असते : हाताची घडी म्हणजे बचाव, खाली गेलेली नजर म्हणजे आत्मविश्वासाचा अभाव. ॲलन पीझ यांच्या 1981 च्या पुस्तकात अशा जुळण्या आहेत. पण एकेक खूण सुटी वाचू नका, हेही ते बजावतात. इकडे येताना जुळण्या टिकल्या, बजावणे गळाले. ‘संवादात शब्दांचा वाटा केवळ 7 टक्के’ या वाक्याचेही तेच झाले. अल्बर्ट मेहराबियन यांचे 1967 चे प्रयोग सुट्या शब्दांतून व्यक्त होणाऱ्या आवडी-नावडीपुरते होते. सर्व संवादाला ते आकडे लावू नयेत, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे.

आता हा कोश आपल्या माणसांना लावून पाहा. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ऐकत वाढलेल्या पिढ्यांसाठी हाताची घडी हा बचाव नाही. ते लक्ष देणे आहे. नजरेचेही तसेच. ‘मान वर करून बोलणे’, ‘डोळ्याला डोळा भिडवणे’ हे आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर उद्धटपणाचे किंवा आव्हानाचे शब्दप्रयोग आहेत. रोह्याजवळच्या एखाद्या गावातला मुलगा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीच्या मुलाखतीला जातो आणि साहेबांसमोर नजर खाली ठेवतो, ती घरच्या शिकवणुकीमुळे. समोरच्याने कोश पाठ केलेला असेल, तर तोच आदर कमीपणा म्हणून नोंदवला जातो. पोराला यंत्र चालवता येते की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

आपल्या भाषेला हे पूर्वीपासून कळलेले आहे. एखाद्याच्या नावाने बोटे मोडणे म्हणजे शिव्याशाप देणे. पण आजी नातवाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडते, तेव्हा ती त्याच्यावरची इडापिडा स्वतःकडे घेत असते. आवाज तोच, क्रिया तीच. शाप आणि माया यांतला फरक फक्त नात्यावरून कळतो. कोशात हे नाते मावत नाही.

म्हणून या पुस्तकांवर माझा आक्षेप त्यांच्या विषयाला नाही, त्यांच्या खात्रीला आहे. मुलांना ‘डोळ्यांत पाहून बोला’ असे जरूर शिकवावे. नोकरीच्या बाजारात ते लागते. पण ही एका विशिष्ट जागेची रीत आहे, सत्याची खूण नव्हे, हेही सांगावे. आणि मुलाखत घेणाऱ्यानेही खाली गेलेल्या नजरेवर शेरा मारण्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा.