दोन किलो गॅस, दोन लिटर पेट्रोल

आम्ही बी.कॉम. झालेली माणसं. गाडी दिसली की आधी ॲव्हरेज विचारतो, मग रंग. त्यामुळे ५ जुलै २०२४ ला पुण्यात बजाजने सीएनजीवर चालणारी 'फ्रीडम' मोटारसायकल आणली, तेव्हा मी जमाखर्च मांडूनच बसलो. सीटखाली दोन किलो गॅसची टाकी, जोडीला दोन लिटर पेट्रोलची. दोन्ही मिळून ३३० किलोमीटर, असा कंपनीचा दावा. जमेची बाजू भक्कम, मान्य. लांबलचक सीटवर सौ. आणि भाजीची पिशवी दोघी ऐसपैस बसतील, हेही मान्य.

पण नावेच्या बाजूला वेळ धरलेलाच नाही! सीएनजी पंपावरची रांग पाहिलीत ना? पुढे नऊ रिक्षा, मागे सहा मोटारी आणि मध्ये हेल्मेट घातलेला मी. वीस वर्षं काउंटरमागून "जरा थांबा" म्हणतोय. ते सगळं व्याजासकट इथेच वसूल होणार.

दुसरं दुखणं जरा नाजूक आहे. अप्पांच्या स्कूटरचं पेट्रोल संपलं की ते भर रस्त्यात ती आडवी करायचे. लगेच चार जण थांबायचे, पाचवा "चोक ओढा" म्हणायचा. अप्पांच्या निम्म्या ओळखी अशाच झालेल्या. इथे गॅस संपला की हँडलवरचं बटण दाबायचं, पेट्रोल सुरू. कुणी थांबत नाही, कुणी सल्ला देत नाही. गाडी कसली, एकलकोंडेपणाच तो.

तरी हिला विचारलं, "घ्यायची का?"

"रांगेत कोण उभं राहणार, ते आधी ठरवा," ही म्हणाली.