जमीन मिळाल्यानंतरची गोष्ट

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. धरणाखाली गाव गेलेल्या माणसांची ही कहाणी मराठी वाचकाने हळहळत वाचली. हिंगोली जिल्ह्याचा नकाशा शेजारी ठेवून ती पुन्हा वाचली, की तिचे सामर्थ्य जसे जाणवते, तशी तिची एक मर्यादाही ध्यानात येते.

सामर्थ्याविषयी आधी सांगितले पाहिजे. विस्थापन म्हणजे केवळ घर बदलणे नव्हे, हे या कादंबरीने मराठी मनावर ठसविले. नवे गाव नकाशावर आखता येते; शेजार, पाणवठा, स्मशान यांच्याशी जडलेले नाते मात्र आखून देता येत नाही. लेखक स्वतः प्रशासकीय सेवेत राहिलेला असल्याने कचेरीची भाषा तो आतून ओळखतो. त्यामुळे यातील अर्ज, नोटिसा आणि हेलपाटे खरे वाटतात.

हिंगोलीला हे सारे परके नाही. पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६८ साली पूर्ण झाली. पुढे पैनगंगेवर ईसापूरचे धरण झाले. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. म्हणजे पूर्णाकाठची माणसे उठली तेव्हा त्यांच्या हाती असा कायदाही नव्हता. त्यांच्या दुःखाला ‘झाडाझडती’ने पुढे शब्द दिले, हे तिचे मोठे ऋण होय.

मर्यादा आहे ती खलनायकांची. भ्रष्ट अधिकारी आणि स्वार्थी पुढारी एका बाजूला, खैरमोडे गुरुजींसारखा सज्जन दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी झाली की वाचकाला संताप येतो आणि संतापाने त्याचे मन हलकेही होते. दुष्ट माणसे नसती, तर सारे सुरळीत झाले असते, असे त्याला वाटू लागते. ही समजूत किती अपुरी आहे, हे पाहण्यासाठी धरणग्रस्तांकडून भूमिहीनांकडे वळावे लागते. कारण त्यांना जमीन देण्यासाठी शासन स्वतःहून पुढे आले होते.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यातील दलित कुटुंबांनी गायरान कसायला घेतले होते. ही अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय शासनाने १९७८ आणि १९९१ साली घेतले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची वहिवाट ग्राह्य धरली. तरीही प्रत्यक्ष कसणाऱ्या अनेकांचे नाव सातबाऱ्यावर न येता तलाठ्याच्या अतिक्रमण नोंदवहीतच राहिले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. शासकीय आदेशाने भूमिहीनांना दिलेल्या जमिनी त्याने अपवाद म्हणून वगळल्या खऱ्या, पण ज्याच्याकडे तसा कागदच नाही त्याने अपवाद सिद्ध कसा करावा?

दादासाहेबांच्याच नावाने २००४ साली सबलीकरण व स्वाभिमान योजना सुरू झाली. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन, तीही पती-पत्नी दोघांच्या नावे. विधवा व परित्यक्ता भगिनींना प्राधान्य. प्रारंभी निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज होते. २०१८ साली अनुदान पूर्ण झाले आणि दराची कमाल मर्यादा एकरी पाच लाख व आठ लाख ठरली. यात खलनायक कोण? कोणीही नाही. हेतू उदात्त, नियम माणुसकीचे.

मात्र जमीन विकत घ्यायची ती स्वखुशीने विकणाऱ्याकडून. वसमतच्या हळदीचे नाव आज सर्वत्र आहे. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद ही पाण्यावरची शेती. ज्या रानाला कालवा वा विहीर आहे, ते ठरावीक दरात कोण विकील? विकायला निघते ते बहुधा मुरमाड, वाट नसलेले रान. घेणाऱ्याने ते स्वतःच कसावे, विकू नये, भाडेपट्ट्याने देऊ नये, असे बंधन आहे. बंधन रास्तच आहे. नाहीतर जमीन पुन्हा सावकाराच्या घरी जायची. परंतु बैल नाही, विहीर नाही, बियाण्याला पैसा नाही, अशा माणसाने कसावे कशाच्या बळावर?

तरीही ‘सारे फसले’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. गायरानाच्या दोन एकरांवर ज्वारी पिकविणारे कुटुंब कोणाच्या बांधावर हात पसरून उभे राहत नाही. स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर येते, तेव्हा घरातले तिचे बोलणे वजनदार होते. पिकाच्या हिशेबात न बसणारे हे मोल आहे.

आमची तक्रार ‘झाडाझडती’च्या लेखकाविषयी नाही, त्याने आपले काम केले. ती आपणा वाचकांविषयी आहे. जमीन हिरावल्याची गोष्ट आपण आवडीने वाचतो, पण जमीन मिळाल्यानंतरची गोष्ट विचारतही नाही. ताबापत्र देतानाचे छायाचित्र छापून आले की आपल्यापुरता विषय संपतो. त्या कुटुंबाची कहाणी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या पेरणीला सुरू होते. तिथपासून पुढे लिहिणारा कादंबरीकार मराठीला हवा आहे. आणि त्या कुटुंबाला, पेरणीनंतरही चौकशीला येणारा शेजारी.