नील यंग आणि त्याचे फिर्यादी

गवई स्वतःसारखा गात नाही, एवढ्याच कारणासाठी त्याच्यावर नालिश व्हावी, हा प्रकार कलेच्या इतिहासात विरळाच म्हटला पाहिजे. परंतु १९८३ साली अमेरिकेत तो घडला, आणि तोही एखाद्या चिडक्या श्रोत्याच्या हातून नव्हे, तर ज्या कंपनीने मोठ्या हौसेने करारनाम्यावर सह्या घेतल्या होत्या तिच्याच हातून. जेफन रेकॉर्ड्सने नील यंगवर ३३ लाख डॉलरांचा दावा लावला. त्याने दिलेल्या ध्वनिमुद्रिका बाजारात चालण्याजोग्या नाहीत आणि त्या 'नील यंगच्या' वाटतही नाहीत, अशी तिची तक्रार होती. यंगने उलट २ कोटी १० लाखांची फिर्याद गुदरली, पुढे आपसात तडजोड झाली आणि कंपनीचा मालक डेव्हिड जेफन याने त्याची क्षमा मागितली. कोर्टापुरते प्रकरण अशा रीतीने दाखलदप्तर झाले. पण चाहत्यांच्या मंडळीत तोच मुकद्दमा आजतागायत चालू आहे, आणि फरक असेल तर इतकाच, की येथे फिर्यादी आणि वकील दोघेही आरोपीवर निस्सीम प्रेम करतात.

या चाहत्यांत दोन तट आहेत. पहिला 'हार्वेस्ट'चा. १९७२ साली अमेरिकेत सर्वाधिक खपलेली ती ध्वनिमुद्रिका. गिटार, माउथ ऑर्गन आणि किंचित कापरा, उंच, किशोरवयीन वाटणारा आवाज यांचे ते असे काही मिश्रण होते की ज्यांना रॉक संगीताचे वावडे त्यांच्याही घरात ते शिरले. दुसरा तट त्यानंतरच्या तीन मुद्रिकांचा: 'टाइम फेड्स अवे' (१९७३), 'ऑन द बीच' (१९७४) आणि 'टुनाइट्स द नाइट' (१९७५). यांना एकत्रितपणे 'डिच ट्रिलजी', म्हणजे रस्त्याकडेच्या चरातली त्रयी, असे म्हणतात, आणि हे नाव यंगच्याच एका टिपणावरून पडले. 'हार्वेस्ट'मधल्या 'हार्ट ऑफ गोल्ड' या गाण्याने आपल्याला हमरस्त्याच्या मधोमध नेऊन सोडले, तेथे कंटाळा आला म्हणून आपण गाडी चरात घातली, अशा आशयाचे काही त्याने १९७७च्या 'डिकेड' या संग्रहात लिहून ठेवले होते.

माझा स्वतःचा कौल दुसऱ्या तटाकडे आहे. परंतु या तटातील मंडळी जे पुरावे पुढे करतात ते मला नेहमी पटतातच असे नाही. त्यांतला पहिला पुरावा दुर्मिळतेचा. 'ऑन द बीच' २००३पर्यंत सीडीवर उपलब्ध नव्हती, चाहत्यांनी तिच्यासाठी सह्यांचे अर्ज केले, आणि जी वस्तू मिळत नाही ती थोर असलीच पाहिजे या मनुष्यस्वभावाला अनुसरून तिची कीर्ती जुन्या तबकड्यांच्या किमतीबरोबर वाढत गेली. सुदैवाने ती मुद्रिका खरोखरच थोर निघाली; तिच्या अखेरचे 'ॲम्ब्युलन्स ब्लूज' हे सुमारे नऊ मिनिटांचे गाणे, ज्यात फिडल गायकाच्या मागून अर्धवट झोपेत चालल्यासारखे येते, ते कोणत्याही दुर्मिळतेच्या टेकूवाचून उभे राहते. 'होमग्रोन'चे तसे झाले नाही. १९७४-७५ची ही मुद्रिका यंगने ऐन वेळी बासनात बांधून ठेवली, आणि पंचेचाळीस वर्षे ती कोणी धड ऐकलेली नसतानाही तिला अनेकांनी अग्रमान देऊन टाकला होता. २०२०मध्ये ती बाहेर आली तेव्हा हाती लागली ती एक गोड, घरगुती, काहीशी विस्कळीत चीज, जिच्यातली काही गाणी दरम्यान अन्यत्र प्रसिद्धही होऊन गेली होती.

दुसरा पुरावा दुःखाचा. यंगच्या साथीला असणाऱ्या क्रेझी हॉर्स या बँडचा गिटारवादक डॅनी व्हिटन १९७२च्या नोव्हेंबरात आणि वाद्यसामग्रीची व्यवस्था पाहणारा ब्रूस बेरी पुढल्या वर्षी, दोघेही मादक द्रव्यांपायी गेले. आणि 'टुनाइट्स द नाइट' हे त्यांचे श्राद्धच होय. पण शोक खरा असला म्हणजे गाणे खरे होते, असा काही कायदा नाही. या मुद्रिकेची थोरवी मला अन्यत्र दिसते. 'मेलो माय माइंड'मध्ये एका वरच्या स्वराशी यंगचा आवाज सपशेल फुटतो, आणि कोणत्याही व्यवस्थित स्टुडिओत तेथल्या तेथे पुन्हा मुद्रण झाले असते; येथे तो तडा तसाच राहू दिला आहे, आणि त्याच्याभोवती बेन कीथचे पेडल स्टील इतक्या सावधपणे फिरते की पुढची ओळ येईपर्यंत ऐकणाराही श्वास धरतो. 'टाइम फेड्स अवे'मध्ये चुका याहून अधिक आहेत, परंतु त्या मोठ्या सभागृहातल्या गोंगाटाच्या आणि एकमेकांवर रुसलेल्या वादकांच्या चुका आहेत. खुद्द यंगला ही मुद्रिका नावडती, आणि 'डोन्ट बी डिनाइड' एवढे वगळल्यास त्याच्या मताशी भांडावेसे मला वाटत नाही.

खरी अडचण होते ती 'ट्रान्स'पाशी. याच मुद्रिकेने कंपनी बिथरली. नऊपैकी सहा गाण्यांत यंगचा आवाज व्होकोडर या यंत्रातून गाळून आलेला, उरलेली तीन एका सोडून दिलेल्या निराळ्या संकल्पातली. चाहत्यांनी कपाळाला हात लावला. पुढे कळले की यंगचा मुलगा बेन हा सेरेब्रल पाल्सीमुळे बोलू शकत नव्हता, आणि 'ट्रान्सफॉर्मर मॅन' हे गाणे त्याच्यासाठी आहे. तेव्हापासून तीच मंडळी गहिवरून बोलू लागली. हा शरणागतीचा जबाब मला प्रथम संशयास्पद वाटला. १९९३च्या 'अनप्लग्ड'मध्ये तेच गाणे यंत्रावाचून, साध्या वाद्यांवर आले, आणि ते निःसंशय सुंदर आहे, शब्द कळतात, डोळे पाणावतात. तरीही पुनःपुन्हा ऐकताना मूळ रूपच वरचढ वाटू लागले; कारण तेथे शब्द कळत नाहीत, काही सांगितले जात आहे एवढेच कळते, आणि ऐकणारा त्या बापाच्या जागी जाऊन बसतो. म्हणजे ज्या चरित्राच्या आधाराला मी नाके मुरडीत होतो त्याच्याच आश्रयाला मीही गेलो, हे कबूल केलेच पाहिजे. मात्र सबंध 'ट्रान्स' त्यामुळे तरत नाही. ती तीन परकी गाणी मध्ये येऊन बसली आहेत ती आहेतच.

त्यानंतरची पाऊण तासही न टिकणारी 'एव्हरीबडीज रॉकिन' (तिची लांबी जेमतेम पंचवीस मिनिटे!) आणि ऐंशीच्या दशकातले इतर प्रयोग यांची वकिली करणारेही भेटतात; त्यांच्या निष्ठेला नमस्कार. १९८९च्या 'फ्रीडम'पासून गाडी पुन्हा रुळावर आली याबद्दल दोन्ही तटांत फारसा मतभेद नाही, आणि म्हणूनच त्या काळाविषयी कोणी रात्र जागवीत नाही. जागरण होते ते 'टुनाइट्स द नाइट'च्या शीर्षकगीतावरून. ते मुद्रिकेच्या आरंभीही आहे आणि शेवटीही, दोन निरनिराळ्या मुद्रणांत. आणि त्यांपैकी अधिक ओबडधोबड कोणते, व अधिक ओबडधोबड तेच अधिक चांगले की नाही, याचा निकाल माझ्या माहितीत अद्याप लागलेला नाही. मी शेवटचे धरून बसलो आहे.