शिरपूरचें पवळीचें देऊळ : कांहीं प्रचलित मतांचें परीक्षण

अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास शिरपुरास जाणारा यात्रेकरू वस्तींतील देवळाच्या भुयारांत उतरतो, मूर्ति पाहतो आणि परत फिरतो. पवळी या नांवानें ओळखलें जाणारें जुनें दगडी देऊळ वस्तीबाहेर आहे. तिकडे वळणारे थोडे. इतिहासलेखकांचीही गति बहुधा हीच झाली आहे. ते कथेच्या मागें जातात, दगडांकडे जात नाहींत. या देवळाविषयीं जीं मतें एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरत आलीं आहेत, त्यांपैकीं कांहींचें परीक्षण करण्याचा येथें विचार आहे.

पहिलें मत एल राजाचें. एलिचपूरच्या या राजाचा रोग शिरपूरच्या पाण्यानें बरा झाला, त्यास मूर्ति सांपडली, ती गाडींतून नेत असतां त्यानें मागें वळून पाहिलें व मूर्ति अधांतरीं राहिली, ही कथा सर्वश्रुत आहे. गॅझेटियरांनीं या राजाचा एलिचपूरशीं संबंध संवत् १११५, म्हणजे इ. स. १०५८, या वर्षाशीं जोडला. आणि तेव्हांपासून हें वर्ष सिद्ध झाल्याप्रमाणें लिहिलें जातें. पण त्याच एलिचपुरांत अब्दुल रहमान गाझीची कथा आहे. तींत हा गाझी महमूद गझनवीचा भाचा असून त्याचें युद्ध याच एल राजाशीं झालें. महमूद इ. स. १०३० मध्यें वारला. दोन्ही कथांचे काल एकत्र ठेविले तर भाच्याचें युद्ध मामाच्या मृत्यूनंतर निदान अठ्ठावीस वर्षांनीं येतें. एका कथेंतून साल घ्यावयाचें व दुसरीकडे डोळेझांक करावयाची, हा न्याय संशोधनाचा नव्हे.

शिवाय या क्षेत्राचें जुनें वर्णन जिनप्रभसूरींच्या 'विविधतीर्थकल्पां'त आहे. हा ग्रंथ इ. स. १३३२ च्या सुमारास पुरा झाला. त्यांत राजाचें नांव श्रीपाल असें येतें. एल हें नांव पुढच्या कथांत ठळक होतें. मग चौदाव्या शतकांतील ग्रंथकारास ठाऊक असलेलें नांव मागें सारून पुढील काळांतील नांवावर कालगणना कां उभारावी? पूर्वीं डोक्यावर घागर घेतलेली स्त्री मूर्तीखालून जाऊं शके, आतां तितकें अंतर उरलें नाहीं, अशा आशयाचें सूरींनीं लिहिलें आहे. श्रद्धेचा ग्रंथ लिहितांनाही त्यांनीं पूर्वींची ऐकीव आणि आपल्या काळची स्थिति वेगळी ठेविली. एवढी सावधगिरी पुढील लेखकांस साधली असती तर बरें झालें असतें.

दुसरें मत याहून घातक आहे. 'श्रीपूर' हा शब्द दिसला कीं तें शिरपूरच, असें समजण्याची खोड पडली आहे. गंग राजा श्रीपुरुष याच्या शके ६९८ च्या देवरहळ्ळी ताम्रपटांत श्रीपूरच्या उत्तरेस कुंदाच्चीनें बांधविलेल्या लोकतिलक जिनालयाचा उल्लेख आहे. तो दाखवून कित्येकांनीं वऱ्हाडांतील क्षेत्र आठव्या शतकांत नेलें. ताम्रपट कर्नाटकांतला, दाता गंग, दान त्याच मुलुखांतलें. वऱ्हाडाचा संबंध कोठें येतो? महानदीच्या कांठचें सिरपूर, म्हणजे दक्षिण कोसलाची राजधानी, हेंही जुनें श्रीपूरच. तेथील विटांचें लक्ष्मणमंदिर सातव्या शतकांतील आहे. खानदेशांत आणखी एक शिरपूर आहे. नुसत्या नामसादृश्यानें काल ठरूं लागला तर एकाच देवळास चार राजवंश व तीन प्रांत लाभतील.

तिसरें मत 'हेमाडपंती' या शब्दाचें. चुन्याशिवाय रचलेला घडीव दगड दिसला कीं तो हेमाद्रीच्या नांवें मांडावयाचा, ही रीत इतकी रुळली आहे कीं तिच्याविरुद्ध लिहिण्याचाही कंटाळा येतो. श्रीकरणाधिप हेमाद्रि महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरीं, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, होता. बार्शी टाकळीचा शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे त्याच्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षांचा. तेव्हां या शब्दानें रचनेची जात कळेल, काल कळणार नाहीं. पवळीच्या देवळांत खालचा भाग घडीव दगडाचा आणि वरचा वीट-चुन्याचा आहे. हे दोन्ही एका हातचे, एका काळचे नव्हत, हें साध्या नजरेसही दिसतें. द्वारशाखांवरील जिनमूर्तींवरून देवळाचा धर्म निश्चित होतो. हेन्री कझिन्स यांनीं दारावरच्या लेखाहून देऊळ जुनें मानिलें तें आम्हांस पटतें. लेख द्वाराशीं बांधलेला असतो, पायाशीं नव्हे.

रोम शहरांत सान क्लेमेंते हें बाराव्या शतकांतलें ख्रिस्तमंदिर आहे. त्याखालीं चौथ्या शतकांतलें मंदिर, आणि त्याखालीं मिथ्र देवाचें पूजास्थान व रोमन इमारती. १८५७ सालीं मलूली या पाद्र्यानें तेथें उत्खनन आरंभिलें, तेव्हां ते थर एकेक करून मोजतां आले. शिरपुरास थर एकमेकांखालीं नसून शेजारींशेजारीं आहेत : भुयारांतील मूर्ति एकीकडे, पवळीचें देऊळ दुसरीकडे. त्यांना जोडणारा दुवा आज तरी कथेचाच आहे, आणि कथेचा धागा म्हणजे पायाचा दगड नव्हे.

येथें एक नाजूक गोष्ट बोलणें प्राप्त आहे. वस्तींतील देवळाविषयीं श्वेतांबर व दिगंबर यांचा वाद जुना आहे. १९०५ सालीं पूजेच्या वेळा वांटून घेण्यांत आल्या. प्रकरण १९२९ सालीं प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलें. १९८१ पासून देवळास कुलूप होतें, तें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्यें निघालें. कोणाचा पक्ष खरा हा या लेखाचा विषय नाहीं. पण या दीर्घ वादाचा परिणाम असा कीं शिरपूरविषयींचा प्रत्येक पुरावा वहिवाटीचा पुरावा म्हणून वाचला जाऊं लागला. न्यायालयास पूजा कोणीं व केव्हां करावी हें ठरवावयाचें असतें. देऊळ कोणत्या शतकांतलें हें नव्हे. निकालांतील वाक्यें काढून त्यांवर इतिहास रचणारे, तसेच इतिहासांतील वाक्यें काढून त्यांवर हक्क रचणारे, हे दोघेही साधनाचा दुरुपयोग करितात.

वाशीम जिल्हा १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झाला. वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. पण आजच्या घरांखालीं त्या राजधानीचा मागमूस शोधूं लागल्यास डोळे थकतात. शिरपुरास तशी अडचण नाहीं. तेथें एक उभी वास्तु आहे. तिच्या पायथ्यापासून शिखरापर्यंतच्या घडणीचें मोजमाप, दगड व वीट यांच्या सांध्याचें बारकाईनें रेखन, आणि दारावरील लेखाचा नव्यानें घेतलेला ठसा, एवढें काम आधीं व्हावें. एल राजाचा विचार मग सावकाशीनें करतां येईल.