‘ड्रॅगन बॉल’ : रिंगण आणि आकडा

कथा पुढे वाढली म्हणजे ती चढत गेली असे होत नाही. अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात क्रमशः आली. तोएई अ‍ॅनिमेशनने तिच्यावर ‘ड्रॅगन बॉल’ (१९८६-८९, १५३ भाग) आणि ‘ड्रॅगन बॉल झेड’ (१९८९-९६, २९१ भाग) या मालिका काढल्या. पुढे ‘सुपर’ (२०१५-१८, १३१ भाग) आली. या तिन्ही शेजारी ठेवून पाहिल्या की लढाईचा अर्थ कसा बदलत गेला ते कळते.

पहिल्या मालिकेतील स्पर्धेला रिंगण आहे. बाहेर पडला तो हरला. गोकू प्रथम स्पर्धेत उतरतो तेव्हा त्याचे गुरू कामेसेन्निन वेष बदलून त्याच्यासमोर उभे राहतात. पोराला इतक्या लवकर विजेतेपद मिळाले तर त्याचे शिकणे थांबेल, ही त्यांची काळजी. शेवटी दोघेही एकमेकांच्या लाथेने कोसळतात आणि गुरू कसेबसे उठून जिंकतात. उस्तादाने शागिर्दाच्या भल्यासाठी त्याला हरवावे, हा विचार इथे एकाही उपदेशाशिवाय येतो. गोलसर चेहरे, बोलणारे प्राणी, डबीतून निघणाऱ्या गाड्या ही चित्रशैलीही त्या खेळकर वृत्तीला शोभणारी आहे.

‘झेड’मध्ये रिंगणाची जागा आकडा घेतो. डोळ्यावरचे यंत्र प्रत्येकाची ताकद मोजते आणि यामचासारखे जुने सोबती प्रेक्षक होऊन बसतात. रेषा टोकदार होतात, पार्श्वभूमीला उजाड खडक उरतात. ग्रह पाच मिनिटांत फुटेल असे फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटे कित्येक भाग चालतात. साप्ताहिकातील कथा अजून लिहिली जात होती, म्हणून मालिकेला रेंगाळावे लागे. प्रसंग लांबवणे हा मुळात दोष नव्हे. दास्तानगोईत ती कलाच मानली जाई. पण दास्तानगो ती जागा वर्णनाने भरत असे, इथे ती रोखलेल्या नजरांनी भरली आहे.

तरीही ‘झेड’मधला सर्वांत मोलाचा प्रसंग याच मोजमापावर बोट ठेवतो. गोकू आपल्या मुलाला, गोहानला, सेलपुढे उभे करतो. मुलाची ताकद त्याने अचूक ओळखलेली असते, पण या मुलाला लढणे आवडत नाही हे पिक्कोलोला सांगावे लागते. कामेसेन्निनना शिष्य कळला होता. गोकूला स्वतःचा मुलगा कळलेला नाही.

‘सुपर’ची सुरुवात निराशाजनक आहे. पाचव्या भागातील ओबडधोबड चित्रांवर बरीच टीका झाली. नवे रूप म्हणजे केसांचा नवा रंग, एवढ्यावर कल्पनाशक्ती थांबते. मात्र शेवटच्या स्पर्धेत, आठ विश्वांतील ऐंशी योद्ध्यांच्या अठ्ठेचाळीस मिनिटांच्या लढतीत, बाहेर पडला तो हरला हा नियम परत येतो आणि कथेत जीव येतो. म्हातारे कामेसेन्निन युक्तीने झुंजतात. शेवटी मैदानात उरतो तो सर्वांत बलवान नव्हे, तर सतरा क्रमांकाचा यंत्रमानव. आणि तो पुसून टाकलेली विश्वे परत मागतो.

तोरियामा १ मार्च २०२४ रोजी गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या ‘दाइमा’त त्यांनी गोकूला पुन्हा लहान मूल केले होते. कदाचित त्यांनाही ठाऊक असावे, की ज्याला अजून शिकायचे आहे त्याचीच लढाई पाहावीशी वाटते.